नाण्यावरचे वर्ष किती खरे?
जुन्या रुपयांवरील सन, ठिपके आणि अक्षरे कशी वाचावीत

प्रतिनिधी, मुंबई

देव्हाऱ्यातील चांदीच्या रुपयावर १८४० हे वर्ष असेल, तर तो रुपया १८४० साली पाडला गेला असे घरातील प्रत्येक जण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो १८४५ मधील असू शकतो, १८५४ मधील असू शकतो, किंवा १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत टांकसाळीतून बाहेर पडलेलाही असू शकतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या टांकसाळींनी १८४० पासून कंपनीचे नाणे बंद होईपर्यंत, म्हणजे सुमारे दोन दशके, रुपयावर हेच एक वर्ष कायम ठेवले. त्यामुळे '१८५७ सालचा कंपनी सरकारचा चांदीचा रुपया' म्हणून कोणी नाणे दाखवले, तर ते हातात न घेताच परत करावे. त्या वर्षाची कंपनीची तांब्याची नाणी आहेत. चलनातला चांदीचा रुपया मात्र नाही.

दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आधी घरोघरी जुने रुपये डबीतून बाहेर निघतात. काही पूजेनंतर पुन्हा डबीत जातात, तर काही अडचणीच्या वेळी सराफाच्या काट्यावर चढतात. तेथे त्यांचा हिशेब केवळ वजनावर होतो आणि एखादे दुर्मिळ वर्ष मोडीच्या भावात आटवले जाते. दुसऱ्या टोकाला, किरकोळ किमतीचा बनावट तुकडा हजारो रुपये मोजून घेणारेही कमी नाहीत. दोन्ही प्रकारचे नुकसान बहुधा एकाच चुकीतून होते: नाण्यावरचा आकडा वाचला जातो, नाणे वाचले जात नाही.

सन गोठवण्यामागचे कारण

वर्ष गोठवून ठेवण्याची ही पद्धत टांकसाळीच्या आळसातून आलेली नाही. अठराव्या शतकातील बंगालमध्ये रुपयाची किंमत त्यावरील सनावर ठरत असे. चालू सालातील कोरा रुपया 'सिक्का' म्हणून पूर्ण किमतीला चाले. वर्ष उलटले की सराफ त्यावर साधारण ३ टक्के बट्टा कापत, आणखी एक वर्ष गेले की ५ टक्के. चांदी तितकीच, वजनही जवळपास तितकेच. फक्त सन जुना झाला म्हणून किंमत कमी. महसूल भरणाऱ्या रयतेला आणि स्वतः कंपनीलाही या बट्ट्याचा फटका बसे.

त्यावर कंपनीने काढलेला तोडगा साधा होता. मोगल बादशहा शाह आलम दुसरा याच्या १९ व्या जुलूस वर्षाचा, म्हणजे राज्यारोहणापासूनच्या एकोणिसाव्या वर्षाचा, मुर्शिदाबादी रुपया प्रमाण मानण्यात आला आणि १७९३ च्या नियमानुसार पुढील सर्व रुपयांवर तोच '१९ सन' ठेवला गेला. सन बदललाच नाही तर जुने-नवे ठरवणार कसे? फर्रुखाबादी रुपयावर अशाच रीतीने ४५ हा आकडा स्थिरावला.

आपल्याकडील सुरती रुपयाची कथा आणखी गमतीची आहे. मुंबई इलाख्यात चाललेल्या या रुपयावर हिजरी १२१५ आणि जुलूस ४६ असे दोन आकडे एकत्र आढळतात. शाह आलमचे राज्यारोहण हिजरी ११७३ मधील. म्हणजे त्याचे ४६ वे वर्ष हिजरी १२१८ च्या सुमारास येते, १२१५ मध्ये नव्हे. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि नाणे मात्र अस्सल! हा बादशहा १८०६ मध्ये वारला. तरीही यंत्रावर पाडलेले, गुळगुळीत कडांचे सुरती रुपये त्यानंतर अनेक वर्षे त्याच्याच नावाने निघत राहिले. अशा नाण्यांवर सनापेक्षा कड, अक्षरांची ठेवण आणि गोलाईचा नेमकेपणा अधिक बोलका असतो.

फारसी अंक वाचताना नवख्याची हमखास एक चूक होते. फारसीतील शून्य म्हणजे केवळ एक ठिपका. आणि आपल्या शून्यासारखे जे गोल चिन्ह दिसते, तो पाचाचा आकडा. हे लक्षात न आल्यास १२१५ चे १२१० होते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून इसवी सन काढताना नुसती बेरीज करून भागत नाही. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवावेत, म्हणजे एखाद्या वर्षाच्या फरकाने उत्तर मिळते. पुण्याच्या अंकुशी रुपयांवर मात्र फसली सन आढळतो. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. फसली १२३० म्हणजे १८२०-२१. याचाच अर्थ, असा सन असलेला अंकुशी रुपया पेशवाई बुडाल्यानंतरचा, इंग्रजी अमलातील होय. 'पेशव्यांचा रुपया' म्हणून तो अभिमानाने दाखवणाऱ्यांची यामुळे थोडी निराशा होते, परंतु नाण्याचे मोल त्याने कमी होत नाही. बडोद्याच्या गायकवाडांची सयाजीरावांच्या काळातील नाणी देवनागरी अंकांत आणि विक्रम संवतात आहेत. त्यातून ५७ वजा करावेत. संवत १९४८ पाहून 'हा तर स्वातंत्र्यानंतरचा' असे म्हणणारे भेटतात. ते नाणे १८९१-९२ मधील असते.

एक साल, अनेक रुपये

१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखात एकच रुपया लागू झाला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम किंवा एक तोळा. चांदी १२ भागांत ११ भाग. एका बाजूस विल्यम चौथा. त्याच्या नावापुढील 'चार' हा रोमन आकडा चार उभ्या रेघांनी लिहिलेला आहे, हे ओळखीसाठी ध्यानात ठेवावे. या रुपयावरील १८३५ हे वर्षही राजाच्या मृत्यूनंतर, १८४० पर्यंत बदलले नाही. मानेच्या कापावर असलेली बारीक इंग्रजी अक्षरे, ती उठावाची आहेत की खोल कोरलेली, आणि मुळात आहेत की नाहीत, यावरून अभ्यासक या रुपयांचे प्रकार पाडतात.

व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या रुपयात तर प्रकारांची रेलचेल आहे. सर्वप्रथम राणीच्या डोक्याभोवतीचा मजकूर पाहावा. 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरे डोक्यावरून सलग गेलेली असतील तर रुपया आधीच्या तुकडीतला. ती डोक्याच्या दोन बाजूंना विभागलेली असतील तर नंतरच्या, ढोबळमानाने १८५० नंतरच्या तुकडीतला. एवढ्या एका निरीक्षणाने वीस वर्षांचा पल्ला निम्म्यावर येतो. मग नाणे उलटावे. मागील बाजूच्या पानाफुलांच्या चक्रात बारीक फळे आहेत, त्यांची संख्या मोजावी. १९, २०, २८, ३४ आणि ३५ फळांचे ठसे ज्ञात आहेत. त्यानंतर १८४० मधील चाराचा आकडा भिंगाखाली धरावा. काही ठशांत त्याच्या आडव्या रेघेच्या टोकाला छोटी उभी रेघ आहे, काहींत रेघ साधी सुटलेली आहे. राणीच्या मानेखाली शिल्पकार विल्यम वायन याची आद्याक्षरे दिसतात; तीही सर्व ठशांत सारखी नाहीत.

हे फरक हौशी संग्राहकांनी हट्टाने शोधलेले खुसपट आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रस्तुत प्रतिनिधीलाही फळे मोजताना दोनदा आकडा चुकल्यावर तसेच वाटले होते. परंतु तारीखच गोठलेली असल्यामुळे नाणे कोणत्या काळात आणि कोणत्या टांकसाळीत पाडले गेले, हे सांगणारा अन्य पुरावा उरत नाही. त्या काळी ठशातील बरेचसे बारीकसारीक काम हाताने, वेगवेगळ्या लहान ठोशांनी केले जाई. कारागीर बदलला, ठोसा झिजला, नवा ठसा तयार झाला की आकड्याची उंची, त्यांतील अंतर वा वळण बदले. जुन्या ठशावरील आकडा बुजवून त्यावरच नवा ठोकला गेला, तर खालच्या आकड्याची रेघ वरच्या आकड्यातून डोकावते. अशा दुहेरी सनाचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे आहे: तेथील १९४२ सालच्या दहा सेंटांच्या काही नाण्यांत दोनाच्या आकड्यातून १९४१ मधील एक स्पष्ट दिसतो.

कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे गेल्यानंतर १८६२ मध्ये मुकुटधारी राणीचा नवा रुपया आला. मराठी घरांत 'राणीछाप' म्हणून जो ओळखला जातो, तो हाच. त्यावरील १८६२ हे वर्षही १८७४ पर्यंत बदलले नाही. म्हणजे १८६३ ते १८७३ यांपैकी कोणतेही वर्ष असलेला रुपया चलनात कधी नव्हताच. मात्र मुंबईच्या टांकसाळीने यावर स्वतःची युक्ती केली होती. तिच्या १८६२ च्या रुपयांवर मागील बाजूस अगदी बारीक ठिपके आढळतात आणि त्यांची संख्या व जागा वेगवेगळी असते. रुपया खरोखर कोणत्या वर्षी पाडला याची ती सांकेतिक नोंद होती. ब्रिटिश अभ्यासक फ्रेड प्रिडमोर यांनी कंपनीच्या आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांची जी सूची तयार केली, तिच्या १९८० च्या खंडात या एकसमान नाणे-पद्धतीची मांडणी आहे आणि आजचे संग्राहकही तीच आधाराला घेतात. झिजलेल्या नाण्यात हे ठिपके सर्वांत आधी नाहीसे होतात. शिवाय गंजाची पुटकुळी आणि मूळ ठिपका यांत गफलत होते. ठशातला ठिपका गोल, नेमका आणि अक्षरांइतक्याच उठावाचा असतो. पुटकुळीला आकार नसतो.

१८७४ पासून रुपयावर चालू वर्ष येऊ लागले. येथून पुढे ओळखीची एक सोपी खूण आहे. १८७६ पर्यंतच्या रुपयांवर व्हिक्टोरिया 'क्वीन' आहे. १८७७ पासून ती 'एम्प्रेस' झाली. १८७० चे दशक असूनही 'एम्प्रेस' दिसल्यास शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. तो सात, आठ किंवा नऊ असलाच पाहिजे. झिजलेल्या तारखेवर हा चेहऱ्याचा आणि किताबाचा पुरावा फार कामी येतो. बोडक्या डोक्याचा सातवा एडवर्ड असेल तर १९०३ ते १९१०. मुकुटधारी पाचवा जॉर्ज रुपयावर १९११ ते १९२२. सहावा जॉर्ज १९३८ ते १९४७. आठव्या एडवर्डच्या नावाचा ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया निघालाच नाही. त्याचे नाव १९३६ मधील कच्छ संस्थानच्या नाण्यांवर आहे.

हत्ती की डुक्कर?

पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाने तर सरकारचीच तारांबळ उडवली. राजाच्या झग्यावर हत्तीचे चिन्ह होते. त्याची सोंड आणि पाय इतके आखूड कोरले गेले की लोकांना तो डुक्कर वाटला आणि मुस्लिम समाजात संतापाची लाट उसळली. तोवर सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते आणि त्यांपैकी ७ लाखांच्या आसपास वितरित झाले होते. उरलेले आटवण्यात आले. १९१२ पासून हत्तीची सोंड स्पष्ट आणि लांब झाली. म्हणून १९११ चा रुपया आणि आखूड सोंडेचा हत्ती ही जोडी अतूट आहे. १९११ च्या आकड्याजवळ लांब सोंडेचा हत्ती दिसला, तर दुसऱ्या अंकांची छेडछाड झाली असे समजावे.

या काळात टांकसाळीची खूणही महत्त्वाची ठरते. राणीच्या आणि एडवर्डच्या रुपयांवर मुंबईसाठी इंग्रजी 'बी' हे अक्षर कधी उठावाचे, कधी खोल असे येते. पाचव्या जॉर्जच्या काळात त्या जागी तारखेखालच्या कमळात एक बारीक उठावाचा ठिपका आला. कलकत्त्याच्या रुपयावर तो नाही. एकाच वर्षाच्या दोन रुपयांच्या किमतीत मोठी तफावत असण्याचे कारण अनेकदा हा एक ठिपका असतो. १९२१ आणि १९२२ हे रुपये तर वर्ष म्हणूनच विरळ आहेत.

दुसऱ्या महायुद्धाने या सगळ्यात आणखी भर घातली. चांदीची टंचाई भासू लागल्याने १९४० पासून रुपयातील चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणण्यात आली आणि नकली नाण्यांना आळा घालण्यासाठी कडेच्या मधोमध खाच व नक्षी असलेली 'सुरक्षा कड' सुरू झाली. वजन मात्र तेच राहिले. म्हणजे १९३८ च्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, तर १९४० च्या रुपयात ५.८३ ग्रॅम. जुन्या प्रमाणाचा शेवटचा रुपया १९३९ चा. तो फार थोड्या संख्येने टिकला असून सहाव्या जॉर्जच्या मालिकेत सर्वांत दुर्मिळ मानला जातो. १९४३ मध्ये लाहोरला टांकसाळ सुरू झाली. १९४४ आणि १९४५ च्या तिच्या रुपयांवर तारखेखाली इंग्रजी 'एल' आहे. मुंबईच्या १९४५ च्या रुपयात शेवटचा पाचाचा आकडा कुठे मोठा, कुठे लहान असतो. १९४७ च्या रुपयांत चांदी अजिबात नाही. ते निकेलचे असून त्यांवर वाघ आहे.

स्वातंत्र्योत्तर नाण्यांसाठी तूर्त एवढे पुरे: तारखेखाली चौकटच्या आकाराचे चिन्ह असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता.

बनावट सन कसा पकडावा

दुर्मिळ वर्ष महाग म्हटले की सामान्य वर्षाचे 'दुर्मिळ' करण्याचा धंदा आलाच. १९३८ मधील आठाचा नऊ करणे ही त्यातली सोपी कारागिरी. हे नाणे मुळात अस्सल असते. चांदी खरी, वजन खरे, कडही खरी. खोटा असतो तो फक्त एक आकडा. त्यामुळे वजनकाट्यावर ही लबाडी सापडत नाही. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तिरप्या उजेडात पाहिल्यास शेवटच्या आकड्याभोवतीची पार्श्वभूमी किंचित खोलगट, घासलेली वा अधिक चकचकीत दिसते. आकड्याची उंची शेजारच्या आकड्यांशी जुळत नाही. अस्सल नऊचे वळण ठाऊक नसेल, तर त्याच नाण्यातील दुसऱ्या स्थानावरचा नऊ समोर आहेच. दोहोंची तुलना करावी.

साच्यात ओतलेली नक्कल त्यामानाने लवकर उघडी पडते. तिच्यावर बारीक छिद्रे असतात, आकड्यांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत होतात आणि काठावर जोडाची रेघ सापडते. असा तुकडा टाकल्यावर खणखणीत वाजत नाही. अर्थात, चांगल्या नाण्यावर ही 'बंदा रुपया' चाचणी करू नये; फरशीवर आपटून काठाला पडलेला खड्डा कायमचा राहतो.

आणखी एक बारकावा तज्ज्ञांनाही चकवतो. कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींनी संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या सनांची नाणी नंतरच्या काळात जुन्या ठशांनी पुन्हा पाडून दिली. ठसा सरकारी, टांकसाळ सरकारी, सनही योग्य. तरीही नाणे त्या सालचे नाही. सूचींमध्ये त्यांची नोंद वेगळी असते आणि किंमतही वेगळी.

बाजारातील सर्वाधिक फसवणूक मात्र इतक्या कौशल्याची नसते. रामपंचायतन, हनुमान, ॐ किंवा कमळ कोरलेले आणि 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' किंवा '१६१६' असे लिहिलेले तांब्या-पितळेचे तुकडे पदपथांवर आणि जत्रांत विपुल मिळतात. कंपनीने अशी नाणी कधीही काढली नाहीत. १६१६ मध्ये तर सुरतेच्या वखारीत व्यापार करणाऱ्या कंपनीला आण्यांची नाणी पाडण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही असे तुकडे तांदळाचे दाणे खेचतात, त्यांत दैवी शक्ती आहे, परदेशी संशोधक त्यासाठी कोट्यवधी मोजतात, अशा थापा मारून लोकांना गंडा घालणाऱ्या टोळ्यांवर पोलिसांनी अनेकदा गुन्हे नोंदवले आहेत. शिवकालीन शिवराईवर '१६७४' हा इसवी सन दाखवून विकणारेही आहेत. शिवरायांच्या शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे असतात. इसवी सन नसतो.

'तुमच्याकडे अमुक सालचे नाणे असेल तर लाखो रुपये मिळवा' अशा जाहिरातींचा प्रकार इतका वाढला, की रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढावे लागले. बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत भाग घेत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क वा दलाली आकारत नाही आणि कोणालाही तसे अधिकार दिलेले नाहीत, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. खरेदीदार आधी 'नोंदणी शुल्क' मागत असेल, तर नाणे खरे की खोटे हे पाहण्याची गरजच नाही.

विकण्यापूर्वी

घरात जुने रुपये असतील तर ते चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नयेत. शंभर वर्षांत चांदीवर चढलेली काळसर झाक हाच संग्राहकाच्या दृष्टीने अस्सलपणाचा दाखला असतो आणि घासताना पहिल्यांदा जातात ते ठिपके आणि आकड्यांचे बारीक कोपरे. माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेल्या नाण्याची संग्राहक-किंमत तशीही बरीच घटलेली असते. ती काढण्याच्या फंदात पडू नये. प्रत्येक नाण्याचे वजन, दोन्ही बाजू, कड आणि तारखेचा मोठा करून काढलेला फोटो एवढे हाताशी असले, की जाणकाराचे मत घेणे सोपे जाते. अस्सल नमुने डोळ्यांखालून घालायचे असतील तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचा संग्रहही पाहण्याजोगा आहे.

कायद्याच्या दोन बाबी माहीत असाव्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे पुरावस्तूच्या व्याख्येत येते आणि ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. पाचव्या जॉर्जच्या रुपयांनी ही शंभरी ओलांडली आहे, त्यामुळे अमेरिकेतील मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून १९११ चा रुपया धाडणेही नियमभंग ठरते. आणि पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडलाच, तर १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या अशा ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ही दहा रुपयांची मर्यादा १८७८ मधलीच आहे.